पत्र, सूत्र आणि वस्त्र



ज्वारीच्या एका ताटाला दोन भोक्ते असतात. कणीस माणसाकडे जाते आणि कडबा बैलाकडे. माणसाने कडबा चावून पाहिला तर त्याच्या पोटात त्याचे काहीच होत नाही, आणि बैल मात्र त्याच कडब्यावर वर्षभर औत ओढतो. वास्तविक दाण्यातले पीठ आणि ताटातली चिवट काडी या दोहोंचा मुख्य घटक एकच आहे. तो म्हणजे ग्लुकोज नावाची साधी साखर, जिचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळी तयार होते. फरक आहे तो या रेणूंमधल्या सांध्याचा. पिठातल्या स्टार्चमध्ये हा सांधा असा कललेला असतो की साखळी मळसूत्रासारखी वळत जाते, गरम पाण्यात फुगते, शिजते, आणि माणसाच्या लाळेपासूनच तिचे तुकडे पडू लागतात. काडीतल्या सेल्युलोजमध्ये तोच सांधा उलट बाजूने बसतो, प्रत्येक पुढचा रेणू मागच्याच्या तुलनेत पालथा होतो, त्यामुळे साखळी ताणलेल्या फितीसारखी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटते, आणि तिचा सांधा तोडणारे पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नसते. ते बैलाच्या शरीरातही नसते. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव ते काम त्याच्या वतीने करतात. साखर तीच, सांधा वेगळा. एका सांध्याने हुबळी-धारवाडकडची जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी झाली, दुसऱ्याने कडबा झाला, आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याच दुसऱ्या सांध्याने धोतरही झाले.

एखादी वस्तू कशाची बनली आहे, हा प्रश्न मनुष्य फार लवकर विचारतो. ती कशी रचली आहे, हा प्रश्न तो उशिरा विचारतो, आणि पुष्कळदा विचारतच नाही. पदार्थविज्ञानाची गेल्या शंभर वर्षांतली बहुतेक कमाई या दुसऱ्या प्रश्नातून आली आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थाच्या आत अणूंची मांडणी कशी असते हे दिसू लागले, तेव्हापासून मऊपणा, चिवटपणा, फुगणे, वितळणे, रंग धरणे या रोजच्या गुणांचा उगम घटकांच्या यादीत कमी आणि त्यांच्या मांडणीत अधिक सापडू लागला. हे समजून घेण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. हुबळी-धारवाडच्या परिसरातली माती, या परिसरातला दगड, इथला कापूस आणि इथे तयार होणारे एक विशिष्ट कापड एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. प्रस्तुत व्याख्यानाची मांडणीही त्याच क्रमाने आहे: आधी पत्र, म्हणजे पापुद्र्यांची रचना, मग सूत्र, म्हणजे साखळ्यांची आणि धाग्यांची रचना, आणि शेवटी वस्त्र, जिथे सूत्रांचेच पुन्हा पत्र होते.

पहिला मुद्दा पत्राचा. धारवाड शहर मलनाड आणि बयलुसीमे यांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला डोंगराळ, पावसाचा, तांबड्या मातीचा मुलूख, आणि पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीकडे सरकत गेले की मैलोन् मैल काळी जमीन, जिला कन्नडमध्ये येरे म्हणतात. तांबडी माती पावसात चिखल होते आणि उन्हात धूळ होते, यापलीकडे तिचा फारसा उपद्रव नाही. काळीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात ती फुगते, बैलगाडीचे चाक आसापर्यंत गिळते, आणि उन्हाळ्यात ती इतकी आकसते की तिच्यात हात घालता येईल अशा भेगा पडतात. दोन्ही मातींमध्ये सिलिकॉन आहे, ॲल्युमिनियम आहे, प्राणवायू आहे. मग एक माती निमूट राहते आणि दुसरी श्वास घेतल्यासारखी वरखाली का होते?

मातीच्या अतिसूक्ष्म कणांची घडण पानांसारखी असते. एका सिलिकॉन अणूभोवती प्राणवायूचे चार अणू चार कोपऱ्यांवर बसतात, असे हजारो चौकोपरे एकमेकांशी कोपरे जोडून पसरतात आणि त्यांचा एक पत्रा बनतो. ॲल्युमिनियमचा तसाच, पण सहा शेजाऱ्यांचा, दुसरा एक पत्रा असतो. तांबड्या मातीत बहुधा आढळणाऱ्या केओलिनाइट या खनिजात या दोन पत्र्यांची एकास एक अशी जोडी असते आणि एक जोडी दुसरीला हायड्रोजनच्या बंधांनी धरून ठेवते. त्यांच्यामध्ये पाण्याला शिरकाव नाही. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइटमध्ये मात्र ॲल्युमिनियमचा पत्रा मध्ये आणि सिलिकॉनचे दोन पत्रे वर-खाली अशी तिहेरी घडी असते, आणि तिच्यात एक बारीकशी खोट असते: मधल्या पत्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेले असते. मॅग्नेशियमकडे धन विद्युतभार एकाने कमी, म्हणून साऱ्या पानावर थोडा ऋणभार शिल्लक राहतो, आणि त्याची भरपाई करण्यासाठी सोडियम किंवा कॅल्शियमचे भारित अणू दोन पानांच्या मधल्या फटीत वस्तीला येतात. या अणूंना पाणी अतिशय प्रिय. पाऊस पडला की पाणी त्यांच्या ओढीने पानांच्या मध्ये शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर ढकलली जातात. सारे शेत फुगते ते या एका नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, आसपासच्या फटी रुंदावल्यामुळे.

पाने किती? शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधली सगळी पाने सुटी करून पसरली तर त्यांचे क्षेत्रफळ 700 ते 800 चौरस मीटर भरते. म्हणजे अशा दहा ग्रॅम मातीत एक फुटबॉलचे मैदान घडी घालून ठेवलेले असते. एवढ्या पृष्ठभागावर पाणी चिकटून राहते, म्हणूनच पाऊस थांबल्यावरही काळी जमीन रब्बीची ज्वारी, हरभरा आणि कापूस केवळ साठवलेल्या ओलीवर पिकवते. उन्हाळ्यातल्या भेगांत वरची माती पडते, पावसाने ती खाली दबते, आणि जमीन स्वतःच स्वतःला उलथून घेते. शेतकऱ्याला जो गुण, तोच गवंड्याला दोष. काळीवर बांधलेल्या घराच्या भिंतीला पायरीपायरीने तिरपी जाणारी तड या परिसरात कोणाच्याही ओळखीची असेल. त्या तडेचा मूळ नकाशा मातीच्या पानात आहे. म्हणून इथे पाया घेताना काळी उपसून मुरूम भरतात, किंवा चुना मिसळतात, कारण चुन्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून पानांना जवळ ओढते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने 1950च्या दशकात अशा जमिनींसाठी तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. ऋतूंची ओल-सुकी जिथे पोहोचत नाही एवढ्या खोलीवर तो फुगवटा रुतवून बसवायचा, म्हणजे वरची माती कितीही हलली तरी घर हलत नाही. मातीची रचना बदलता येत नसेल तर पायाची रचना बदलावी, असा हा व्यवहार आहे.

आता याच पत्र्यांची दुसरी बाजू. मधल्या पत्र्यात ॲल्युमिनियमऐवजी सगळीकडेच मॅग्नेशियम असेल, खोट कुठेही नसेल आणि पानावर भार शिल्लक नसेल, तर काय होईल? फटीत कोणी राहायला येणार नाही, पाणी शिरणार नाही, आणि पाने एकमेकांवरून नुसती घसरतील. तेच शंखजिरे, जे बोटांत चुरगाळले तर साबणासारखे लागते आणि ज्याची भुकटी अंगाला लावण्याच्या पावडरीत असते. आणि तिहेरी घडीच्या मध्ये हायड्रॉक्साइडचा आणखी एक धनभारित पत्रा कायमचा येऊन बसला तर? मग पाने घसरतात, पण सहज नाही. पाण्याला जागा नाही. दगड मऊ असतो, पण ढासळत नाही. हे क्लोराइट. धारवाडच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या, 250 कोटी वर्षांहून जुन्या खडकांच्या समूहात या क्लोराइटचा हिरवट-करडा शिस्ट ठिकठिकाणी सापडतो.

या खडकाने इथल्या शिल्पाला वळण दिले, असे म्हणणे धाडसाचे नाही. बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल इथल्या सहाव्या ते आठव्या शतकांतल्या चालुक्य शिल्पींच्या हाती वालुकाश्म होता. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड. त्यातली गारगोटी काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापावर सातव्या पायरीला, आणि छिन्नी लागली की तो कणाकणाने सुटतो, त्यामुळे त्यात भव्य आकृती उठतात, पण कणापेक्षा बारीक रेघ त्यात उमटतच नाही. अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात कारागीर या हिरवट दगडाकडे वळले. अण्णिगेरीचे अमृतेश्वर मंदिर, साधारण 1050 सालचे, हे या बदलाच्या आरंभीचे उदाहरण असल्याचे कलेतिहासकार मानतात. क्लोराइट दोन-अडीचाच्या पायरीवर, जवळजवळ नखाच्या बरोबरीचे. कण इतके बारीक की लोखंडी छिन्नीने त्यात दागिन्याचा मणी न् मणी कोरता येतो, आणि लाकडाचा खांब कातावा तसा दगडाचा खांब फिरवून कातता येतो. हुबळीत उणकलच्या चंद्रमौळेश्वराच्या मंदिरात जाऊन कातीव काम जवळून पाहावे. त्या वळ्या, त्या धारा, ती गुळगुळीत चकाकी हे शिल्पीच्या हाताचे जेवढे यश आहे तेवढेच त्या घसरणाऱ्या पानांचेही आहे. मोठ्या कारागिराचा गौरव करताना त्याच्या दगडाला विसरण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, म्हणून हे थोडे ठासून सांगितले.

दुसरा मुद्दा सूत्राचा, आणि तो काळ्या जमिनीतूनच उगवतो.

या जमिनीवरचा जुना कापूस म्हणजे देशी जातीचा, ज्या बंदरातून तो बाहेर जाई त्यावरून कुमठा म्हणून ओळखला गेलेला, आणि पुढे त्याच कुळातून निवडलेला जयधर. 1840च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने न्यू ऑर्लीन्सचे बी या जिल्ह्यात रुजवले आणि धारवाड-अमेरिकन नावाचा कापूस बाजारात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, 1861 ते 1865 या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला तेव्हा धारवाडच्या कापसाचे भाव कुठच्या कुठे गेले. 1972 मध्ये धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कटारकी यांनी अमेरिकन आणि इजिप्शियन कुळांच्या संकरातून वरलक्ष्मी हे वाण दिले, आणि पुढे तिथूनच डीसीएच-32, म्हणजे जयलक्ष्मी, आले. देशी कापसाचा तंतू 20-22 मिलिमीटरांचा, तर या संकरित वाणांचा 35 मिलिमीटरांच्या आसपास. एवढ्या दीड सेंटिमीटरच्या फरकासाठी माणसांनी सव्वाशेहून अधिक वर्षे का घालवली असावीत?

उत्तर तंतूच्या घडणीत आहे. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबच लांब वाढलेली. एका सरकीवर अशा हजारो पेशी उगवतात. पहिले सुमारे तीन आठवडे ती पेशी नळीसारखी केवळ लांब होते, आणि पुढचे काही आठवडे आतल्या बाजूने सेल्युलोजचा रोज एक थर चढवते, जसे झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक वलय चढते तसे. हे थर सरळ नसतात. सेल्युलोजच्या साखळ्यांचे जुडगे तंतूभोवती 20-30 अंशांच्या तिरप्या कोनात वळत जातात, आणि मध्येच वळण्याची दिशा बदलतात, उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडे. बोंड फुटते, ऊन लागते, आतला ओलावा उडतो, नळी बसते, आणि त्या तिरप्या वळणांमुळे चपटी झालेली नळी फितीसारखी पीळ खात जाते. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस ओळखायचा तो याच पिळांवरून. हे पीळ नसते तर सूत निघाले नसते. रेशमाचा तंतू शेकडो मीटर लांब आणि गुळगुळीत. कापसाचा तंतू बोटभर, पण खडबडीत, वळणदार, शेजाऱ्याला धरून ठेवणारा.

सूतकताईचे सारे शास्त्र या एका पकडीवर उभे आहे. रुई पिंजली, पेळू केले, चातीवर पीळ दिला, की बोटभर तंतूंचा कोसभर धागा होतो. त्या धाग्यात एकही तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही. मग तो तुटत का नाही? पीळ दिलेल्या धाग्याला ताण दिला की बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. ताण वाढला की आवळ वाढते. म्हणजे ज्या बलाने धागा तुटावा तेच बल त्याला बांधून ठेवते. पीळ कमी पडला तर तंतू घसरतात आणि धागा सुटतो. पीळ जास्त झाला तर तंतू इतके आडवे पडतात की ताणाच्या दिशेला त्यांचा उपयोगच उरत नाही, धागा स्वतःभोवती वळून गुरफटतो आणि झटक्यात तुटतो. चरख्यावर बसणाऱ्या बाईच्या चिमटीत हा मधला बिंदू असतो; त्याचे गणित मांडता येते, पण ते गणित मांडण्याच्या कितीतरी आधी चिमटीला ते अवगत होते. लांब तंतूला पकड जास्त, म्हणून कमी पिळात बारीक सूत निघते; त्या दीड सेंटिमीटरच्या फरकाची किंमत ती ही.

धारवाडच्या श्रोत्यांपुढे सुताचा विषय निघाला असता तंबोऱ्याचा उल्लेख टाळणे कठीण आहे, आणि टाळू नये. मिरजेहून आलेला तंबोरा कोणत्याही घरी असो, त्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून जवारी लावतात. घोडीचा माथा किंचित उतरता असतो, तार त्याच्यावर टेकत-सुटत कंप पावते, आणि तो धागा एक केसभर पुढे-मागे सरकवला की तारेतून निघणारे वरचे स्वर उजळतात किंवा मावळतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी या घोडीचा अभ्यास केला होता. तिथे धाग्याचे बळ नको असते, त्याची जाडी आणि मऊपणा हवा असतो. तोच धागा, काम निराळे. असो.

सेल्युलोज म्हटले की ते एकच, असा समज होऊ नये म्हणून आणखी एक जोडी इथे पाहण्यासारखी आहे. हुबळीहून दक्षिणेला, तुंगभद्रेच्या काठी हरिहरलगत कुमारपट्टणम येथे लाकडाचा लगदा विरघळवून त्यापासून व्हिस्कोज, म्हणजे रेयॉनचा तंतू काढण्याचे काम चालत आले आहे. रेयॉन आणि कापूस हे रसायनाच्या दृष्टीने सख्खे भाऊ, दोघेही सेल्युलोजच. पण कापसाच्या साखळीत दहा हजारांच्या आसपास साखरेचे रेणू असतात आणि या साखळ्या झाडाने स्वतः आठवडे घालवून ओळीने रचलेल्या असतात. रेयॉनच्या साखळ्या विरघळवताना तुटून काही शेकड्यांवर आलेल्या आणि नळीच्या तोंडातून घाईने बाहेर पडताना जशा जमतील तशा जमलेल्या. परिणाम काय? कापूस भिजला की कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो, कारण पाणी साखळ्यांमधला ताठा थोडा सैल करते आणि ओझे सर्वांवर सारखे वाटले जाते. रेयॉन भिजला की निम्म्याच्या आसपास बळ गमावतो, कारण त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे बंधच पाणी सोडवते. नदीवर धोतर आपटून धुता येते आणि रेयॉनची साडी हलक्या हाताने धुवावी लागते, याला दुसरे कारण नाही.

तिसरा मुद्दा वस्त्राचा. श्रोत्यांनी खिशातला रुमाल काढून एक साधी कसोटी घ्यावी. रुमाल काठाच्या दिशेने ओढला तर तो जवळजवळ लांबत नाही; आडवा ओढला तरी नाही; पण कोपऱ्याकोपऱ्याने तिरपा ओढला की तो सहज लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. धागा तोच, विणकाम तेच, दिशा वेगळी. ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे. ओढ त्यांच्या दिशेने असली तर धागे स्वतः ओझे घेतात, आणि तिरपी असली तर धागे एकमेकांवर फिरतात, चौकट कलते, चौकोनाचा शंकरपाळा होतो. सूत्राने पत्र विणले, पण ते पत्र सर्व दिशांना सारखे झाले नाही. मातीच्या किंवा दगडाच्या पत्र्यापेक्षा हे पत्र निराळे, कारण यात मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे.

हे सारे जिथे एकत्र येते असे कापड या परिसरात तयार होते, आणि देशातल्या प्रत्येकाने ते पाहिले आहे. धारवाड तालुक्यातल्या गरग या गावात 1954 पासून खादीचे काम करणारी संस्था राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी ओळखली जाते, आणि हुबळीच्या बेंगेरी भागातला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ, 1957 मध्ये स्थापन झालेला, 2006 मध्ये भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र मिळवून दीर्घकाळ देशातला एकमेव प्रमाणित ध्वज-उत्पादक राहिला. स्वतंत्र भारताने काढलेल्या मानकांच्या यादीत पहिला क्रमांक ध्वजाचा आहे. आयएस 1, वर्ष 1951, पुढे 1964 आणि 1968 मध्ये सुधारलेले. ध्वजाची लांबी आणि रुंदी तीनास दोन. आकार नऊ, 6300 गुणिले 4200 मिलिमीटरांपासून 150 गुणिले 100 मिलिमीटरांपर्यंत. पण पदार्थाचा विद्यार्थी या मानकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, कारण त्यात एका ध्वजासाठी दोन निरनिराळी कापडे सांगितली आहेत. फडकणाऱ्या अंगासाठी बंटिंग नावाचे हलके, मोकळे कापड, आणि दोरी ज्यातून जाते त्या काठाच्या पट्टीसाठी डक नावाचे जाड, दाट, मातकट पांढरे कापड.

दोन कापडे कशाला? सूत कापसाचेच, दोन्हीकडे हातकताईचे. परंतु ध्वजाच्या दोन भागांना दोन वेगळी आयुष्ये आहेत. दोरीजवळच्या पट्टीवर सतत ओढ असते, एकाच दिशेने, सर्व वाऱ्याचे ओझे तिथे गोळा होते. तिला दाट वीण हवी, धागे एकमेकांवरून न सरकणारे हवेत. फडकणाऱ्या अंगाला मात्र वाऱ्यात लाट हवी. जाड कापड थोड्या वाऱ्यात लोंबत राहते आणि जोराच्या वाऱ्यात फळीसारखे धडधडते. हलक्या, मोकळ्या विणीचे कापड मंद झुळकेनेही उचलले जाते, कारण त्याचे धागे एकमेकांवर किंचित फिरू शकतात आणि त्यामुळे लाट दोरीकडून सुरू होऊन मोकळ्या काठाकडे वाहत जाते. आणि मोकळ्या काठाला पोहोचल्यावर त्या लाटेचे काय होते? चाबकाच्या टोकाचे होते तेच. काठावर झटका सर्वांत मोठा, आणि म्हणून कोणत्याही ध्वजाचा मोकळा काठच आधी झिजतो, तिथलेच धागे आधी सुटतात. बेंगेरीतल्या शिवणाऱ्या हातांना हे माहीत असते. केशरी, पांढरी आणि हिरवी पट्टी वेगवेगळ्या रंगवून, पांढऱ्या पट्टीवर 24 आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंना बरोबर एकमेकांवर येईल असे उमटवून, पट्ट्या जोडल्या जातात तेव्हा शिवणीचा टाका हासुद्धा मापातला असतो. ध्वजाची तपासणी कठोर आहे, रंग धुण्याने आणि उन्हाने किती उतरतो इथपर्यंत. ही कठोरता भावनेपोटी आली, असे वाटण्याचा संभव आहे. भावना आहेच, परंतु हाताने कातलेले सूत स्वभावतः असमान असते, आणि असमान सुतापासून समान कापड काढायचे तर मोजणीवाचून गत्यंतर नाही.

रंगाचे एक स्पष्टीकरण इथेच द्यावे. सेल्युलोजच्या साखळीला बाजूबाजूला हायड्रॉक्सिल गट लटकलेले असतात, आणि त्यांना पाणी आवडते. म्हणून कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्क्यांपर्यंत धरतो, घाम टिपतो, पाण्यात विरघळलेला रंग आत घेतो. 2021 च्या 30 डिसेंबरला ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या ध्वजांना परवानगी मिळाली, तेव्हापासून या दोन तंतूंची तुलना हुबळीत चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येते, आणि ती बहुधा तापलेली असते. तापलेल्या चर्चेत रचनेचे दोन शब्द घालावेत. पॉलिएस्टर म्हणजे तेच द्रव्य ज्याची पाण्याची बाटली होते. बाटलीत त्याच्या साखळ्या फुगवताना दोन दिशांना ताणल्या जातात, म्हणून ती पारदर्शक आणि कडक. तंतूत त्या एकाच दिशेला ताणल्या जातात, म्हणून तो बळकट आणि लवचिक. या साखळ्यांना पाण्याची ओढ नाही. पॉलिएस्टर हवेतून अर्धा टक्काही ओलावा घेत नाही, पावसात भिजून जड होत नाही, वाऱ्याने लवकर सुकतो, आणि त्याला रंग द्यायचा तर पाण्यात न विरघळणारा रंग उष्णतेच्या साहाय्याने आत घुसवावा लागतो. जोराच्या वाऱ्यापावसात फडकण्याच्या कामात पॉलिएस्टर कमी पडत नाही, पुष्कळदा सरसच ठरतो. हे मान्य न करता खादीची बाजू मांडणे म्हणजे खादीला तिच्या खऱ्या बळाऐवजी खोट्या बळावर उभे करणे होय. गरगच्या मागावर किती घरे जगतात, सुताला कोणत्या इतिहासाची आठवण आहे, हे प्रश्न रेणूंचे नाहीत. त्यांची उत्तरे रेणूंकडे मागू नयेत.

एक प्रश्न मात्र रेणूंचाच आहे. ध्वजसंहिता सांगते की जीर्ण झालेला ध्वज खासगीत, शक्यतो जाळून, संपूर्णपणे नष्ट करावा. जाळताना काय होते? कापडाचे व्यापारी फार पूर्वीपासून कापडाचा एक धागा उपसून काडीपेटीच्या ज्योतीला लावतात आणि वासावरून, उरलेल्या अवशेषावरून सुती की कृत्रिम हे सांगतात. त्या कसोटीत सारे पदार्थविज्ञान आहे. सेल्युलोजच्या साखळ्या इतक्या जागी आणि इतक्या घट्ट एकमेकींना धरून असतात की उष्णता वाढली तरी त्या एकमेकींना सोडून घसरत नाहीत. सुटण्याआधी साखळीच तुटते. म्हणून कापूस वितळत नाही, जळतो. कागद जळाल्याचा वास येतो, आणि मागे उरते ती फुंकरीने उडणारी करडी राख. पॉलिएस्टरच्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड 255 ते 260 अंशांच्या सुमारास सुटते, साखळी शाबूत असतानाच. धागा ज्योतीपासून आकसून मागे सरकतो, थेंब होऊन ठिबकतो, गोडसर उग्र वास येतो, आणि थंड झाल्यावर बोटांत येतो तो एक काळा, टणक, न चुरडणारा मणी.